कोऱ्या कागदावरचा शिक्का

बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याला ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्लीच्या छावणीत मारले, ते एका पत्रावरून. आमच्यावर चालून या, असे ओरिसाच्या राजाला त्यात आवतण होते आणि त्यावर गावानचा शिक्का होता. शिक्का खरा, मजकूर खोटा. गावानचा दरबारातला विरोधक मलिक हसन आणि त्याच्या साथीदारांनी शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला फितवून कोऱ्या कागदावर तो उमटवून घेतला होता. शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही, असे सत्तरीला पोचलेल्या वजिराने सांगितले. दारूच्या अमलात असलेल्या सुलतान महंमद तिसऱ्याने पुढे काही विचारले नाही. वधाचा हुकूम दिला. ही हकिगत व्यसनी राजा, कपटी दरबारी आणि सज्जन वजीर अशी सांगितली जाते. माझ्या मते तेवढ्याने ती संपत नाही. गावानने स्वतः रुजवलेल्या एका विचारातली उणीव त्याच्या जिवावर उठली.

इराणातल्या गिलानचा हा माणूस १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून दाभोळला उतरला, बिदरला गेला आणि तीन सुलतानांच्या कारकिर्दी ओलांडून मुख्य वजीर झाला. त्याने १४७२ मध्ये बिदरला तीन मजली मदरसा बांधला, तिथे मोठा ग्रंथसंग्रह जमवला, उस्मानी सुलतानाशी पत्रव्यवहार ठेवला आणि पत्रलेखनाच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला. पण त्याचे खरे काम कारभारातले. राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, त्याने आठ केल्या, प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने थेट नेमलेले अधिकारी बसवले, जमिनीची मोजणी सुरू केली. किल्लेदाराने समोरच्या सरदाराचे तोंड पाहून वागू नये, दूरवरून आलेला हुकूम पाळावा, हा त्यामागचा विचार. त्या काळाच्या मानाने तो फार पुढचा होता. मात्र हुकूम माणसापेक्षा मोठा झाला की शिक्काही मोठा होतो. हुकूम कोणाच्या हातचा, कोणत्या दिवशी निघाला, त्याची नोंद कुठे, हे विचारायची सोय त्या मानाने वाढली नाही.

यावर कोणी म्हणेल, हा दख्खनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि परदेशातून आलेले, यांच्यातला गटांचा झगडा होता. पत्र नसते तर दुसरे काही निघाले असते. झगडा होताच. पण त्यातून वैराचे कारण कळते, साधन कळत नाही. एवढ्या बलाढ्य विरोधकांनाही चुगलीवर भागले नाही, शिक्क्याचा कागद मिळवावा लागला. यातच लेखी हुकमाचा दरारा किती वाढला होता ते दिसते. दुसरा आक्षेप असा की शुद्धीवरच्या राजाने चौकशी केली असती. त्याला इस्तंबूलचे उत्तर आहे. तिथला वजीर महमूद पाशा हाही विद्वान, कवी आणि ग्रंथप्रेमी. त्याला १४७४ मध्ये देहदंड देणारा दुसरा मेहमेद कर्तबगार राज्यकर्ता होता. दोन्ही दरबारांत आरोपीचे म्हणणे ऐकणे ही राजाची मर्जी होती, त्याच्यावरचे बंधन नव्हते. इकडे गावानच्या वधानंतर पुढच्याच वर्षी सुलतान महंमद वारला, १४८६ मध्ये मलिक हसन मारला गेला, १४९० मध्ये त्याच्या मुलाने निजामशाही उभी केली. तरफदार स्वतंत्र होत गेले आणि बिदरच्या हुकमाला वजन उरले नाही.

शिवकाळात हा विचार एक पाऊल पुढे गेलेला दिसतो. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे, म्हणजे एकट्याच्या मनावर काही नाही. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला तिथेच मोर्तब, म्हणजे खाली ओळ घुसवायला जागा नाही. शिवाय दफ्तरातल्या नोंदीचे शेरे. कोऱ्या कागदाचा डाव इथे पुष्कळ अवघड झाला. तरी ही सारी राखण सरकारची होती. कागद रयतेच्या विरुद्ध असला तर रयतेने तो कुठे तपासून घ्यायचा?

डहाणू-तलासरीचा किनारा गावानच्या काळी गुजरातच्या सुलतानांकडे होता, बहमनी राज्यात नव्हता. पण रयतेचा हा प्रश्न पुढे सगळ्यांत उघडा पडला तो याच मुलखात. न वाचता येणाऱ्या कागदावर वारली माणसाचा अंगठा, सावकाराच्या वहीत न फिटणारे कर्ज, आणि त्यापायी गेलेली जमीन व आयुष्यभराची वेठ. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. वजीर आणि वेठबिगार यांची तुलना अन्यायाची आहे, हे मला मान्य आहे. गावान स्वतः सत्ताधारी होता, कोकणावर त्याने मोहिमा केल्या, व्यवस्था बदलणे त्याच्या हातात होते. वारल्याच्या हातात काहीच नव्हते. म्हणूनच उत्तर दरबारातून न येता खालून यावे लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेसमोर होते आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा धरला जातो. ग्रामसभेचा ठराव विरुद्ध गेला तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते, आणि दावेदाराला आपले म्हणणे मांडायची वाजवी संधी दिल्यावाचून त्याच्याविरुद्ध निकाल देता येत नाही.