एका श्वासाचं दान

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वऱ्हाडातल्या पातूरच्या परिसरात कितीतरी घरांत मातीचा नवा करा पाण्यानं भरून ठेवतात. पुरणपोळी, आमरस, कुरडया असं पान वाढलं जातं आणि गेलेल्यांच्या नावानं घास बाजूला काढला जातो. वैशाखाचं ऊन आपला जीव कासावीस करतं, मग त्यांनाही तहान लागत असेल, ही त्यामागची माया आहे.

प्राचीन इजिप्तच्या लोकांनी ही माया फार दूरवर नेली. देह सत्तर दिवस जपून तयार करायचा, नॅट्रॉन नावाच्या क्षारात वाळवायचा, तागाच्या पट्ट्यांत गुंडाळायचा. काळीज मात्र शरीरातच ठेवायचं, कारण परलोकात ते सत्याच्या पिसाबरोबर तोललं जाणार. त्या तराजूपुढं मृतानं सांगायचं असे, की मी कुणाला रडवलं नाही, मापात पाप केलं नाही, वाहतं पाणी अडवलं नाही. पाण्यासाठी आभाळाकडं डोळे लावणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला यातलं शेवटचं वचन वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

थडग्यात भाकरी, धान्य, वस्त्रं, दागिने ठेवत. परलोकातल्या शेतावर राबायला छोट्या मूर्तीही ठेवत. रोजच्या नैवेद्यासाठी जमिनी लावून दिलेल्या असत. पण पिढ्या सरतात, जमिनी हातच्या जातात आणि नैवेद्य थांबतो, हेही ते लोक जाणून होते. म्हणून कित्येकांनी आपल्या समाधीच्या दगडावर वाटसरूंसाठी विनंती कोरून ठेवली. तिचा भाव असा, की जवळ देण्यासारखं काही नसलं तरी चालेल, माझं नाव घ्या आणि मला भाकरी-पाणी मिळो एवढं तोंडानं म्हणा. त्यात तुमचा नुसता श्वास खर्च होईल. सोन्यानं भरलेल्या थडग्यांच्या त्या देशानं शेवटी भरवसा ठेवला तो अनोळखी माणसाच्या तोंडून निघणाऱ्या आपल्या नावावर. नाव खोडणं हा तिथं माणसाचा दुसरा मृत्यू होता. हत्शेपसूत राणीच्या मृत्यूनंतर तिचं नाव भिंतींवरून छिन्नीनं काढलं गेलं.

आपल्या विदर्भातही अशी जुनी थडगी आहेत. नागपूरजवळ जुनापाणी आणि माहूरझरीला मोठमोठे दगड गोलाकार मांडलेली शिलावर्तुळं आहेत, दोन-अडीच हजार वर्षांहून जुनी. माहूरझरीला १९७० च्या सुमारास डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. अशा वर्तुळांत माणसांबरोबर काळी-तांबडी मडकी, लोखंडी हत्यारं, मणी निघाले. घोडे आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे साजही निघाले. एवढ्या मायेनं निरोप मिळालेली ती माणसं कोण होती? त्यांच्याजवळ लिपी नव्हती. घोडा सापडला, स्वाराचं नाव सापडलं नाही.

पातूरला तर नाव पुसलं जाणं आणि नाव टिकणं या दोन्ही गोष्टी एकाच गावात दिसतात. गावाजवळच्या टेकडीत कोरलेली लेणी आहेत. तिथं राहिलेल्या साधकांची नावं आज कुणाच्या ओठांवर नाहीत. आणि चौदाव्या शतकातले म्हणून सांगितले जाणारे शेख बाबू इथं दर्ग्यात विसावले आहेत. जुन्या नोंदींत हे गाव त्यांच्याच नावानं ‘पातूर शेख बाबू’ म्हणून येतं. गावाचं हे नाव घेणारा प्रत्येक जण, त्याचा धर्म कोणताही असो, नकळत त्या माणसाची आठवण जागी ठेवत आला.

म्हणून मला वाटतं, गेलेल्यांसाठी आपण करतो त्यात सगळ्यांत मोलाचं आहे ते नाव घेणं. तर्पणात बाप, आजा, पणजा यांची नावं घेऊन तिळाचं पाणी सोडतात. ज्यांना कुणीच उरलं नाही, त्यांच्यासाठीही एक ओंजळ असते. पण पणजीचं नाव विचारलं तर आपल्यातले कितीतरी जण गप्प होतात. जिनं दुष्काळात लेकरं जगवली, जिच्या हातच्या भाकरीवर आपलं कूळ वाढलं, तिचं नाव तीन पिढ्यांत पुसलं जातं, आणि त्यासाठी कुणाच्या छिन्नीची गरजही पडत नाही.

परलोक कसा आहे, यावर माणसं वाद घालत राहतील. नाव घेण्यासाठी तो वाद मिटायची वाट पाहावी लागत नाही. आज चहा घेताना घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्याच्या आईचं, आजीचं नाव विचारा. ती कोणत्या गावची होती, कशी बोलायची, कशावर रागवायची, तेही विचारा. ऐकलेलं वहीत लिहा आणि लेकरांना मोठ्यानं वाचून दाखवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे जमणार आहे.