‘नाही’ कसे म्हणायचे?



वर्षावासात आपल्या विहारात दर रविवारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचनापूर्वी वस्तीतील मुले पुढे येऊन त्रिशरण-पंचशील म्हणतात. गेल्या वर्षी या मुलांच्या पुढे नववीतला एक मुलगा असे. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. तो म्हणू लागला की म्हातारी माणसेसुद्धा सावरून बसत. एका रविवारी तो मागच्या ओळीत जाऊन बसला. पुढच्या रविवारी आलाच नाही. त्याची आई मला वाटेत भेटली. म्हणाली, “सर, पोराला भाकरी खाता येईना. तोंडच उघडत नाही पुरतं. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी काढतंय.”

आम्ही त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तोंड तपासले आणि विचारले, “गुटखा किती दिवस खातोस?” मुलगा गप्प. आई भिंतीला टेकली. गुटख्याने तोंडातली आतली कातडी ताठर होऊ लागली होती. आजच सोडला तर पुढचे टळेल, नाही तर पुढे कर्करोगाचे भय आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याच्या विक्रीवर बंदी आहे. पण पुडी कोठे मिळते हे आपल्या मुलांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

परत येताना मी त्याला रागानेच म्हणालो, “दर रविवारी पाचवे शील म्हणतोस ना? मग हे काय?” तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, शील पाठ आहे मला. पण दोस्त पुडी पुढं करतो तेव्हा नाही कसं म्हणायचं, ते कुठं कुणी शिकवलंय?”

बंधूंनो, मी शिक्षक आहे. मुलांना प्रश्न विचारणे हा माझा धंदा. परंतु त्या दिवशी त्या पोराने मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजचे हे प्रवचन त्या प्रश्नावरच आहे.

दीघनिकायात सिगालोवाद नावाचे सुत्त आहे. राजगृहाच्या वेळुवनात तथागत राहत होते. एके दिवशी सकाळी ते भिक्षेला निघाले असता त्यांना सिगाल नावाचा तरुण दिसला. ओले केस, ओली वस्त्रे, हात जोडलेले. आणि तो पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली, वर अशा सहा दिशांना नमस्कार घालीत होता. तथागतांनी विचारले, हे कशासाठी? तो म्हणाला, वडिलांनी मरताना सांगितले होते म्हणून.

तथागत त्याला हसले नाहीत. वडिलांच्या शब्दाचा त्यांनी अवमानही केला नाही. त्यांनी त्या शब्दांत अर्थ भरला. पूर्व दिशा म्हणजे आई-वडील. दक्षिण म्हणजे गुरुजन. पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले. उत्तर म्हणजे मित्र आणि आप्त. खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसे. वरची दिशा म्हणजे श्रमण. या माणसांशी नीट वागणे हीच खरी दिशापूजा.

आता आपण स्वतःला विचारू या. सिगालाचे वडील कोण? आपणच ना! आपण जुने देव सोडले, जुनी व्रते सोडली, बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मोठी गोष्ट केली. घरात बुद्धाची मूर्ती आणली, मुलांना हात जोडायला शिकविले. परंतु हात जोडल्यावर पुढे काय करायचे, ते शिकविले का? ते शिकविले नसेल, तर आपले मूलही सिगालासारखे ओल्या वस्त्राने नुसते दिशांना नमस्कार घालीत उभे आहे. मूर्ती बदलली, उभे राहणे तेच राहिले.

मी हे दुसऱ्याला दूषण देण्यासाठी सांगत नाही. माझ्या घराने धम्म स्वीकारला तेव्हा मी सहावीत होतो. माझे वडील बांधकामावर मजुरी करीत. त्यांना सही येत नव्हती, पण बावीस प्रतिज्ञा त्यांनी ऐकून ऐकून पाठ केल्या होत्या. आमच्या कुळात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. प्रवेशाच्या दिवशी मी अर्ज हातात धरून खिडकीसमोर उभा राहिलो. एक रकाना मला समजत नव्हता. आतल्या माणसाला विचारायचे कसे, हे कळेना. दोन तास उभा राहिलो. खिडकी बंद झाली आणि मी घरी परतलो. बारावीला मला चांगले गुण होते. पण जिभेला धैर्य नव्हते. दुसऱ्या दिवशी वडील मजुरी बुडवून माझ्याबरोबर आले. निरक्षर माणूस खिडकीशी वाकून म्हणाला, “साहेब, पोराला एवढं एक कळंना, सांगा की.” एका मिनिटात काम झाले. त्या दिवशी मला कळले की पुस्तकातली विद्या एक आणि जगण्याची विद्या दुसरी, दोन्ही लागतात.

शिक्षणशास्त्रात या दुसऱ्या विद्येला जीवनकौशल्ये म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात अशी दहा कौशल्ये सांगितली. स्वतःला ओळखणे, दुसऱ्याचे दुःख जाणणे, निर्णय घेणे, अडचण सोडविणे, चिकित्सक विचार करणे, नीट बोलणे, माणसे जोडणे, राग आणि ताण आवरणे, अशी ती यादी आहे. ती वाचताना मला हे नवे असे वाटले नाही. सिगालाला दिलेल्या उपदेशात यातले पुष्कळ आहे. खोटा मित्र कोणता, तर नुसता घेणारा, नुसते गोड बोलणारा, तोंडावर स्तुती करणारा आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा. पैसा कसा वापरावा, तर चार भाग करून. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला, आणि चौथा संकटासाठी राखून. आई-वडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलाला वाईटापासून आवरणे, चांगल्याला लावणे, शिल्प म्हणजे हातचा हुन्नर शिकविणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि योग्य वेळी वारसा हाती देणे. ध्यानात घ्या, हुन्नर शिकविणे हे तथागतांनी आई-वडिलांचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

पण शिकवायचे कसे? त्यासाठी राहुलाचा उपदेश पाहावा. अट्ठकथेप्रमाणे राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. तथागत त्याच्याकडे गेले. पाय धुतल्यावर भांड्यात थोडे पाणी उरले होते. ते दाखवून म्हणाले, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याजवळ श्रमणपण एवढेच थोडे उरते. मग ते पाणी फेकले, भांडे उपडे केले, रिकामे दाखविले. पुढे विचारले, राहुला, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, भन्ते. तसेच प्रत्येक कर्म पाहून पाहून करावे. करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर विचारावे की याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना इजा होते का? चूक झालीच तर ती शास्त्याजवळ किंवा जाणत्या सहकाऱ्याजवळ उघड करावी आणि पुढे सावध राहावे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात हा राहुलोवाद भिक्खू, भिक्खुनी, उपासक आणि उपासिका या सर्वांनी वारंवार ऐकावा असे कोरून ठेवले आहे.

मुलांचे शिक्षण कसे असावे, याचा हा धडा आहे. घरातले भांडे, घरातला आरसा आणि मुलाला विचारलेला प्रश्न. छडी कोठेही नाही.

बाबासाहेबांचाही रोख हाच होता. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या आया-बहिणींना सांगितले की स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका. आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे. ज्या मुलीला घरात कधी तोंड उघडू दिले नाही, ती सासरी बरोबरीने कशी उभी राहील? बरोबरीने उभे राहणे हेही शिकवावे लागते, आणि ते माहेरीच शिकवावे लागते.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर आमच्या विहारात वंदनेनंतर एक तास मुलांसाठी राखला आहे. काय करतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तुमच्या वस्तीतही करता येईल. खर्च काही नाही.

पहिली गोष्ट, ‘नाही’ म्हणण्याचा सराव. एक मुलगा पुडी पुढे करणारा दोस्त होतो, दुसरा नकार देतो. आधी सगळे हसतात. मग दोस्त झालेला मुलगा डिवचतो, “घाबरलास का?”, “आईला विचारून येतोस का?” तेव्हा हसणे थांबते. कारण हेच शब्द त्यांनी ऐकलेले असतात. दहा वेळा म्हटल्यावर ‘नाही’ जिभेवर बसते.

दुसरी गोष्ट, हिशेबाची वही. हातात आलेल्या दहा रुपयांचेही चार भाग मूल स्वतः मांडते.

तिसरी गोष्ट, आरसा. आठवड्यात केलेल्या एका कामाला मूल राहुलाचा प्रश्न लावते. सांगायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे.

चौथी गोष्ट, बाहेरच्या जगाची ओळख. अर्ज कसा लिहावा, बँकेत काय विचारावे, शिष्यवृत्तीला कोणते कागद लागतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या सवलती कायम झाल्या, हे दहावीतल्या पोराला माहीत नसेल तर तो खिडकीवरून परत येईल, जसा मी आलो.

पाचवी गोष्ट, शरीर आणि सुरक्षितता. मुलींसाठी हा तास आशाताई घेतात. पाळी म्हणजे विटाळ नव्हे, हे बौद्ध घरात तरी ठामपणे सांगितले पाहिजे. नकोसा स्पर्श झाला तर दोष मुलाचा नसतो. २०१२ चा कायदा त्याच्या बाजूने आहे. संकटात सापडलेल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलीचे लग्न अठराच्या आत आणि मुलाचे एकविसाच्या आत करणे हा कायद्याने गुन्हा आहे. हे सारे आम्ही मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतो.

आता आई-वडिलांना एक विनंती. विहारातला एक तास घरातल्या सहा दिवसांपुढे टिकत नाही. विहारात मूल खरे बोलायला शिकले आणि घरी खरे सांगितल्यावर त्याला मार बसला, तर ते काय शिकेल? खोटे बोलायलाच शिकेल. आणि मग चौथे शील आपणच मोडून घेतले असे होईल. तथागतांनी चूक उघड करायला सांगितली, कारण समोर ऐकून घेणारा कोणी होता. तसे ऐकून घेणारे आपण होऊ या. मुलगी ‘का?’ म्हणाली तर तिला उद्धट म्हणू नका. ‘का?’ विचारण्याचा हक्क आपल्या आज्या-पणज्यांना कधी मिळाला नव्हता. तो तिला मिळावा, म्हणून तर आपण धम्मात आलो.

आणखी एक. बाप संध्याकाळी पिऊन येत असेल, तर मुलाच्या ‘नाही’ला बळ कोठून येणार? मुलाचा पहिला आरसा बाप असतो. हे बोलणे कडू आहे, पण आपल्या माणसांतच बोलायचे नाही तर कोठे बोलायचे?

त्या मुलाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पुडी सुटली आहे. एकदा मध्येच पुन्हा घेतली होती, ते त्याने स्वतः येऊन सांगितले. मी रागावलो नाही. तोंड अजून पुरते उघडत नाही. डॉक्टरांनी सांगितलेला जबड्याचा व्यायाम तो रोज करतो. रविवारी तो लहान मुलांना सरावात बसवितो आणि दोस्ताचे काम स्वतःकडे घेतो, कारण दोस्त कसा डिवचतो ते त्याला पक्के माहीत आहे. त्रिशरण तो आता हळू आवाजात म्हणतो. पण पाचव्या शीलाला आला की थोडा थांबतो, आणि मग म्हणतो. पाठ म्हणणे आणि समजून म्हणणे यांतला फरक मला त्या थांबण्यात ऐकू येतो.

आपल्या प्रत्येक मुलाला असे थांबता यावे, पाहता यावे आणि वेळ आली की मान वर करून ‘नाही’ म्हणता यावे.

नमो बुद्धाय! जय भीम!