घरोबा

गेल्या फाल्गुनात एक सरकारी कागद माझ्या हाती आला. कागद जर्मन सरकारचा, भाषाही जर्मन. त्यामुळे मला त्यातले आकडे तेवढे वाचता आले. बाकीचा अर्थ मुलीने सांगितला. परदेशातल्या कोणाला आपल्या घरी बोलवायचे असले आणि त्या पाहुण्याच्या गाठीला पुरेसा पैसा नसला, तर यजमानाला तिथल्या कचेरीत जाऊन असे हमीपत्र लिहून देता येते. पाहुण्याच्या राहण्याजेवण्याचा, आजारपणाचा, इतकेच काय, तो मुदतीत परत गेला नाही तर त्याच्या पाठवणीचाही खर्च मी सोसेन, अशी ती हमी. यजमानाने स्वतःच्या मिळकतीचे पुरावे दाखवायचे आणि सही करायची. या कागदात पाहुण्याशी असलेल्या नात्याचा एक रकाना होता. त्यात आमच्या यजमानीणबाईंनी एक आडवी रेघ ओढली होती.

त्या रेघेकडे मी बराच वेळ पाहत बसलो. खोटे काहीच नव्हते. आमचे त्यांचे रक्ताचे नाते नाही. पण मग एखादी बाई दुसऱ्याच्या पोरीच्या दुखण्याखुपण्याची जबाबदारी सरकारदरबारी आपल्या डोक्यावर का घेते, याचे उत्तर त्या रेघेत मावत नव्हते. मराठीत त्याला शब्द आहे. आपण त्याला घरोबा म्हणतो.

पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. मागोमाग साठीच्या दशकात मोटारींचे, स्कूटरींचे कारखाने आले. सातारा, नगर, कोकण, खानदेश, वऱ्हाड अशा चहूबाजूंनी माणसे आली ती एकेकटी, नाहीतर नव्या बायकोला घेऊन. मामा, आत्या, काका सगळे एस.टी.च्या अंतरावर राहिले. नवरा रात्रपाळीला असताना पोराला ताप भरला तर दार ठोठवायचे ते शेजारचे. दोन पुरुषांची मैत्री व्हायला आवडीनिवडी जुळाव्या लागतात. घरोब्याला एक सामाईक भिंत पुरते. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या वसाहतीत निम्म्या घरांच्या किल्ल्या शेजारच्या खुंटीवर असत.

आमच्या भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात एक मुलगी होती. ती चौथीत असताना तिची आई फार आजारी पडली आणि मुलगी चार महिने आमच्याकडे राहिली. तेव्हा आम्हाला मूल नव्हते. माझी बायको तिच्या वेण्या घाली, मी तिचे पाढे घेई. पुढे आमची मुलगी झाली ती या पोरीच्या कडेवरच वाढली आणि तिला ताई म्हणू लागली. ताईचा नवरा मोटारींचा इंजिनिअर. 1995 च्या सुमाराला मर्सिडीजच्या गाड्या पिंपरीत जुळू लागल्या, 2009 साली तो कारखाना चाकणला गेला, त्याच वर्षी फोक्सवागेनही तिथे आली. ज्या चाकणचे नाव आम्ही कांद्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्याच्या किल्ल्यासाठी ऐकले होते, तिथून मराठी पोरे जर्मनीला जाऊ लागली. ताईचे बिऱ्हाडही असेच श्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगन गावी जाऊन पडले.

आता माझ्या मुलीचे. तीही चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथल्याच एका मुलाशी तिचे पाच वर्षे जमले होते. दोघांनी मोशीला फ्लॅट नोंदवला, दोघांची बचत त्यात गेली, आणि गेल्या दिवाळीनंतर ते मोडले. का मोडले ते मला पुरते ठाऊक नाही आणि जेवढे ठाऊक आहे तेवढेही इथे सांगण्याचा मला अधिकार नाही. तो मुलगा वाईट नाही एवढे लिहितो. पण दोघांची कंपनीची बस एकच, उपाहारगृह एकच. निगडीच्या चौकात पावणेसातला ती चढे, आकुर्डीला तो. विरह सोसणे कठीण, असे आपले कवी सांगत आले आहेत. रोज सकाळी सव्वा तास एकाच बसमध्ये बसून सोसावा लागणारा विरह त्यांच्या नजरेला आला नसावा.

आजची मुले याला ब्रेकअप म्हणतात. आमच्या पिढीत याला नाव नव्हते, म्हणून घटनाही नव्हती असे आम्ही धरून चालत असू. पण नाव मिळाले तरी रीत काही मिळालेली नाही. माणूस गेले की सुतक असते, दहा दिवस घर थांबते, लोक समाचाराला येतात. काय बोलावे हे कोणाला सुचत नाही, तरी येऊन बसतात. काडीमोड झाला तर निदान कोर्टाचा कागद असतो. इथे मात्र पाच वर्षांचे आयुष्य गेले आणि दुसऱ्या दिवशी हजेरी लावायची आहेच. समाचाराला कोणीही येत नाही. तेव्हा ज्याचे दुःख त्यानेच उठून कोणाच्या तरी दारी जावे, एवढेच उरते.

ताईचा फोन आला, ‘तिला इकडे पाठवा.’ मी नाही म्हणालो. मला दोन गोष्टी टोचत होत्या. एक, हे पळून जाणे आहे. तिने काही गुन्हा केलेला नाही. तोंड लपवून सातासमुद्रापार का जावे? दुसरी गोष्ट सांगायला अवघड. मला त्यात फेड दिसत होती. चार महिन्यांच्या वेण्यांचा आणि पाढ्यांचा हिशेब कोणीतरी पस्तीस वर्षांनी चुकता करत आहे, आणि मी हात पसरून तो घेत आहे, असे वाटे. मुलीची बँकेतली शिल्लक मोशीच्या फ्लॅटमध्ये अडकलेली, म्हणून ते हमीपत्र. त्याने तर माझा ताठा जास्तच दुखावला.

ताईला मी तसे बोलूनही दाखवले. ती म्हणाली, ‘काका, तुम्ही आई आजारी असताना माझ्या बाबांकडून काही लिहून घेतलं होतं का?’

‘नाही.’

‘इथलं सरकार घेतं. तेवढाच फरक आहे.’

पळून जाण्याच्या मुद्द्यावर मात्र मला माझे उत्तर माझ्या कपाटात सापडले. त्या दिवसांत मी रखमाबाईंवरचे वाचत होतो. ही गोष्ट बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, पण तिचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी दादाजी भिकाजींच्या घरी नांदायला जायचे नाकारले. 1884 साली दादाजी मुंबईच्या हायकोर्टात गेले. 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि 1887 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती तुरुंगात जायला तयार झाली. 1888 साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. आपण गोष्ट इथे संपवतो, किंवा एकदम ‘पुढे त्या डॉक्टर झाल्या’ असे म्हणतो.

मला अडकवले ते या दोन वाक्यांमधल्या जागेने. तडजोड झाली, तुरुंग टळला, आणि ती मोकळी झाली. पण कुठे मोकळी? तिला आधार देणारे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन 1885 सालीच वारले होते. सारी मुंबई तिला ओळखत होती. ‘केसरी’ विरुद्ध, सुधारक बाजूने. रस्त्यावरच्या प्रत्येकाचे तिच्याविषयी काहीतरी मत होते. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी तिला वैद्यकीच्या शिक्षणाची वाट दाखवली. 1889 साली ती विलायतेला गेली आणि सुरुवातीला वॉल्टर आणि ईव्हा मॅकलारेन या जोडप्याच्या घरी राहिली. मॅकलारेन तिचे कोणी लागत नव्हते. स्नेह्यांचे स्नेही, एवढेच. तिथून ती लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकली, 1895 साली परत आली, आणि सुरत, राजकोटला तिने उभे आयुष्य रुग्णसेवेत घातले.

याला पळून जाणे म्हणायचे का? खटला चालू असताना ती गेली नाही. तुरुंगाची टांगती तलवार असताना गेली नाही. गेली ती लढाई संपल्यावर. पळणारा माणूस प्रश्न टाकून जातो. तिने प्रश्न सोडवला होता, आणि तरीही तिला जायला हवे होते. दादाजी 1904 साली वारले तेव्हा तिने विधवेची पांढरी वस्त्रे घेतली असे तिचे चरित्रकार सांगतात. ज्याच्या घरी जाण्यापेक्षा तिने तुरुंग पत्करला होता, त्याच्यासाठी! मला हे वाचून प्रथम राग आला होता. आता वाटते, अंतराने नाते पुसले जातेच असे नाही. फार तर ते कोणत्या हातांनी धरायचे हे आपले आपण ठरवायला मिळते.

मुलगी वैशाखात गेली, एकवीस दिवसांची साठलेली रजा घेऊन. तिकडून फोन येत, पण थोडे. ती ‘बरी आहे’ म्हणे आणि मग जिन्याविषयी बोले. त्या मुलखात एक जुनी चाल आहे, पंधराव्या शतकापासूनची म्हणतात. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना आणि समोरची पायवाट झाडायची. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लटकते. ही गेली त्याच आठवड्यात ताईच्या दारावर पाटी आली. ताईने झाडू तिच्या हाती दिला आणि स्वतः कामावर निघून गेली. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी पायरीच्या कोपऱ्यात राहिलेला कचरा बोटाने दाखवला. हिने पुन्हा झाडले. ‘बाबा, त्या आजींना माझ्याविषयी एवढंच माहीत होतं, की हिला कोपरे झाडता येत नाहीत,’ ती हसून म्हणाली. सहा महिन्यांत मी तिचे हसणे ऐकले नव्हते.

आणि ते ऐकून, खरे सांगतो, मला आनंदाआधी थोडी लाज वाटली. आमच्या घरात त्या सहा महिन्यांत तिच्या हाती कोणी झाडू दिला असता का? बायको तिच्या आवडीची भाजी करी आणि तिने किती खाल्ली ते पाही. मी दिवाणखान्यात वर्तमानपत्र धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत बसे. ती हसली तर आमचा दिवस बरा जाई, गप्प राहिली तर आम्ही दोघे गप्प. म्हणजे आमचे सुख तिच्या बरे होण्यावर टांगलेले होते आणि तिला ते दिसत होते. पोरीला स्वतःचे दुःख वाहायचे होतेच, वर आईबापांची काळजीही. आपण याला माया म्हणतो. माया ती आहेच, पण ती रोज सकाळी विचारते, ‘झालीस का बरी?’ ताईच्या घरात तिच्यावर जीव होता, पण तिच्या हसण्यावर कोणाचा दिवस अवलंबून नव्हता. मुलांच्या शाळा होत्या, नवऱ्याच्या पाळ्या होत्या, जिना होता.

सासर आणि माहेर या दोन घरांवर आपली सारी गाणी आहेत. सासर तुटले की माहेर, एवढीच वाट आपण पाहिली. पण माहेर पक्षकार असते. ते आपल्या बाजूचे असते हेच त्याचे वैगुण्य, कारण बाजू घेतली की दुसऱ्याला वाईट म्हणावे लागते, आणि काही दुःखे अशी असतात की त्यांत वाईट कोणीच नसते.

कोणी म्हणेल, ब्योब्लिंगन सगळ्यांना कुठून परवडणार? बरोबर आहे. मुलीच्याच कारखान्यात बीडकडची एक कंत्राटी कामगार मुलगी आहे, महाळुंग्याला चौघींत एक खोली घेऊन राहते. तिचा ठरलेला साखरपुडा मोडला तेव्हा ती खोलीतल्या मैत्रिणीच्या गावी हरभरा काढायला गेली. आठ दिवसांचा पगार बुडाला. त्या मैत्रिणीच्या आईने तिला काही विचारले नाही म्हणे, नुसता विळा दिला. मला वाटते ब्योब्लिंगनचा झाडू आणि तो विळा एकाच घरचे आहेत. तरी पगार बुडणे आणि साठलेली रजा घेणे यांतला फरक मी झाकू इच्छित नाही.

मुलगी परतून आता पाच महिने झाले. फ्लॅटचे भांडण अजून मिटलेले नाही. बस तीच आहे. ती पुढे बसते, तो मागे. परवा तो रजेवर होता आणि त्याच्या आईला दवाखान्यात ठेवल्याचे तिला कळले. संध्याकाळी ती दवाखान्यात जाऊन आली. का गेलीस, असे विचारायला मी तोंड उघडले होते, पण बायकोने डोळ्यांनी दटावले.

सध्या घरात भाजणी भाजल्याचा वास आहे. दुधातुपाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, म्हणून लाडू बाद. ताईने कळवले आहे की चकल्या वाटेत मोडतात, नुसती भाजणी पाठवा, तळायला मी आहे. मुलीने पाकिटावर तिचा पत्ता लिहिला आणि खाली बारीक अक्षरात विचारले, ‘कोपरे नीट झाडतेस ना?’