ठेवणीतला दिवा

मुलाकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या आजोबांकडे लायनेल कंपनीची १९४६ सालची खेळण्यातली आगगाडी होती. तिच्या धुराड्यातून खराखुरा धूर निघे. युक्ती साधीच. इंजिनातल्या दिव्याच्या काचेला एक खळगा. धुराड्यातून टाकलेली गोळी त्यात पडायची, दिव्याच्या उष्णतेनं वितळायची, की धूर. पुढच्याच वर्षी कंपनीनं धुरासाठी दिव्याऐवजी तापणारी तार बसवली. त्यामुळे तसला दिवा आता मिळता मिळत नाही. साधा दिवा लावला तर उजेड पडतो, धूर नाही. गोळी बसायला जागाच नसते.

आजोबांनी जुन्या गाड्यांचे बाजार पालथे घातले. मिळायचे ते दिवे बहुतेक जळलेलेच. शेवटी एक चांगला मिळाला, तो त्यांनी कापसात गुंडाळून खणात ठेवला. माझा नातू रोज विचारी, "आज धूर?" ते हसून मान हलवत, "आज नको."

मला राग यायचा. तारेचं का बसवून घेत नाहीत? मुलानं विचारलंही. ते म्हणाले, "धूर येईल, पण गाडी ही राहणार नाही." तेही खोटं नव्हतं. त्यांनी जपला नाही, तर असा दिवा होता हे पुढच्यांना कळणार कसं?

पण मला आठवलं माझं रेशमी इरकल. सासूबाईंनी हौसेनं घेतलेलं. त्या म्हणायच्या, "अगं, मी हाय तवर एकदा नेस की!" मी म्हणायची, "लग्नकार्याला नेसीन, आत्या." आत्या गेल्या. मुलाच्या लग्नात घडी मोडली, तर घडीघडीवर चिरलेलं.

दिवा काही खणात चिरत नाही, हे खरं. पण बघणारी माणसं खणात ठेवता येत नाहीत. नातू सात वर्षांचा आहे. सतरा वर्षांचा झाल्यावर तो धूर मागेल का? वस्तू जपावी, यात वाद नाही. पण ज्याच्यासाठी जपतो, तो समोर उभा असताना "आज नको" म्हणणं, ही राखण की कंजुषी? आजोबांना काय सांगणार? मीही तेच केलं होतं.

बेळगावला आल्यावर पेटी उघडली. आत्यांचंच दुसरं एक लुगडं होतं, ते लेकीला नेसवलं. तिनं त्याच दिवशी त्यावर आमटी सांडली. मी काही बोलले नाही.