ओलं फडकं

या. चपला बाहेर काढा.

जोडीनं ठेवा, तोंडं बाहेरच्या बाजूला करून. जपानमध्ये घराच्या दाराशी अशाच ठेवतात. निघताना पाय सरळ त्यांत शिरतात.

आता उंबऱ्याशी जरा थांबा. मान लववा.

समोर कुणीच नाही. तरी लववा. आखाड्यात उतरणारा पोरगा आधी माती कपाळाला लावतो, तसंच हे.

हा शाळेचा हॉल आहे. शहाबादी फरशी, तीन ट्यूबलाइट, भिंतीला सरकवलेले बाक. रोज संध्याकाळी सहाला इथे आमचा कराटेचा वर्ग भरतो. बाहेर पाऊस लागला आहे. मुलं अजून यायची आहेत.

कोपऱ्यात बादली आहे. तिच्या काठावर एक जुनं सुती फडकं.

आज त्याच्यापाशीच बसू या. ठोसा नको, लाथ नको. फडकं पुरे.

ते बादलीत बुडवा. पाणी गार आहे. बोटांना कळू द्या किती गार.

वर काढा. पिळा.

पिळताना दोन्ही मनगटं हळूच आत वळतात. ठोसा पोचतो तेव्हा मूठही अशीच वळते. मुलांना हे मी खूप उशिरा सांगतो. आधी नुसतं पिळू देतो.

थेंब पडतो आहे. ऐका.

आणखी एक.

आता पडायचा थांबला.

श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

फडक्याची चौपदरी घडी घाला. फरशीवर ठेवा, दोन्ही तळवे त्यावर टेका. गुडघे उचला, कंबर वर. जपानमधल्या शाळांत मुलं असंच फडकं रेटत आपला वर्ग पुसतात, वऱ्हांडा पुसतात. कराटेच्या जागीही तेच. तिथे पुसणं हा शिकण्याचाच भाग असतो, शिकण्याआधीचं काम नव्हे.

मुलं धावत जातात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तुम्ही धावू नका.

एक वीत पुढे जा. एकच वीत.

थांबा. मागे पाहा.

कोरडी शहाबादी राखाडी दिसते. ओली झाली की काळसर निळी होते. त्या निळ्यात ट्यूबलाइटची रेघ थरथरते आहे.

कडेपासून ती वाळायला लागते. पाहत राहा. निळं आत आत सरकतं.

पुन्हा एक वीत.

सुरुवातीची काही वर्षं मी हे काम मुलांवर सोपवून कडेला उभा राहत असे, हाताची घडी घालून. चिखलाचे फराटे तसेच राहत. मी रागवत असे. मुलं घाबरून आणखी जोरात पुसत, आणि फराटे तसेच.

एका संध्याकाळी नऊ वर्षांची एक मुलगी माझ्यापाशी आली. बोलली काहीच नाही. फडक्याचं एक टोक तिनं माझ्यापुढे धरलं.

मी गुडघे टेकले.

त्या दिवसापासून मी शिकवायला लागलो, असं मी मानतो. त्याआधी नुसत्या आज्ञा देत होतो.

तिच्या हातातलं ते टोक आठवा. पाणी ठिबकणारं. तुमच्याकडे केलेलं.

घ्या ते.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता दूरच्या एका अंगणात जाऊ. हळू चला.

टोकियो. विसाव्या शतकाची विशी. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांचं एक वसतिगृह. तिथल्या लहानशा खोलीत गिचिन फुनाकोशी राहतात. १८६८ साली ओकिनावातल्या शुरीला जन्मलेले, बरीच वर्षं शाळामास्तर म्हणून राबलेले. १९२२ साली कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला ते राजधानीत आले आणि राहून गेले. गाठीला पैसा नाही. दिवसा वसतिगृहाची राखण, बागेची निगा, खोल्यांची झाडलोट. रात्री मुलांना कराटे.

एकदा ते अंगण झाडत असताना एक वार्ताहर येतो. फुनाकोशी कुठे भेटतील, म्हणून त्यांनाच विचारतो. ते त्याला थांबायला सांगून आत जातात, नीट पोशाख करून बाहेर येतात, आणि सांगतात की फुनाकोशी तो मीच. ही हकिकत त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

आपण मात्र त्याच्या अलीकडच्या क्षणापाशी थांबू.

झाडू हातात आहे. प्रश्न विचारून झाला आहे. नाव अजून सांगितलेलं नाही.

तिथे थांबा.

आपणही घटकाभर बिननावाचे होऊ. फक्त हात. फक्त झाडणं.

पावसाचा आवाज ऐका.

आता हात फडक्यावरून उचला. तळवा उताणा करा.

ओला आहे. बोटांची टोकं सुरकुतली आहेत. मधल्या खळग्यात काहीच नाही.

कराटेतल्या ‘कारा’चा अर्थ एवढाच, रिकामा. पूर्वी या शब्दात चीन देशाचं अक्षर लिहीत. १९३६ साली नाहा शहरात ओकिनावातले जाणते गुरू एकत्र बसले आणि रिकामेपणाचं अक्षर पक्कं झालं. तेच अक्षर आकाशाचं. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा आपल्या ‘शून्यते’साठीही तेच घेतलं गेलं.

आणि ‘डोजो’. जिथे आपण गुडघे टेकून बसलो आहोत, ती जागा. त्या अक्षरांमागे संस्कृतातला बोधिमंड आहे. पिंपळाखालची, बुद्ध बसला ती भुई.

किती लांबून फिरून आला हा शब्द. इथून निघाला, डोंगर ओलांडून गेला, समुद्र ओलांडून गेला, आणि आज या ओल्या शहाबादीवर टेकला.

तळवा पाहा. रिकामा असू द्या.

मुलं येताहेत. छत्र्या मिटल्याचा आवाज. दाराशी चपलांच्या जोड्या वाढताहेत.

एक मोठा मुलगा लहानग्यापुढे गुडघ्यावर बसून त्याचा बेल्ट बांधतो आहे. गाठ आवळली, दोन्ही टोकं समोर धरून लांबी पाहिली. एक आखूड आहे. सोडली. पुन्हा बांधतो आहे. लहानगा पोट आत घेऊन उभा.

त्यांना घाई नाही. आपल्यालाही नाही.

शिकवणाऱ्याला जपानीत ‘सेन्सेई’ म्हणतात. त्या अक्षरांचा अर्थ, आधी जन्मलेला. मला तो फार आवडतो. आधी आला, म्हणून फडकं कुठे असतं ते त्याला ठाऊक. मग तो दुसऱ्याला दाखवतो. तो मोठा मुलगा आत्ता त्या लहानग्याचा सेन्सेईच आहे.

सगळे ओळीत बसताहेत. तुम्हीही बसा. आधी डावा गुडघा, मग उजवा. पाठ सरळ. हात मांड्यांवर.

मोकुसो, म्हणजे मूक ध्यान. डोळे मिटा.

कुणाचं तरी नाक वाजतं आहे. रस्त्यावरून रिक्षा गेली. पन्हाळीतून पाणी पडतं आहे. वीसेक जणांचे श्वास. त्यांत आपला कुठला, ते शोधू नका.

राहा असेच.

डोळे उघडा. आता एकमेकांना नमस्कार. डावा तळवा जमिनीवर, मग उजवा. कपाळ खाली आणा, फरशीच्या जवळ.

ओल्या दगडाचा वास येतो आहे.

हा पट्टा कुणी पुसला होता? तुम्ही, की त्या मुलीनं, की मी? वासावरून कळत नाही.

आणखी एक श्वास इथेच घ्या.

मग उठा. आधी उजवा पाय.

साडेसात वाजले. पाऊस ओसरला आहे. फडकं धुऊन, पिळून बादलीच्या काठावर पसरलं आहे. उद्या वर्ग सहालाच आहे. दहा मिनिटं आधी या.