गवंड्याचे ऐकले नाही

सज्जनहो, चाळीस वर्षे कीर्तनातून मी नम्रतेवर निरूपण केले. आता गळा थकला आहे, आणि एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे.

तीस वर्षांपूर्वी वडिलोपार्जित माळवदाचे घर पाडून मी स्लॅबचे घर बांधायला काढले. गावातला म्हातारा गवंडी दारात येऊन म्हणाला, "महाराज, भिंती अजून धडधाकट आहेत. माळवद तेवढे नव्याने करू." मी हसलो. ज्याला सही करता येत नाही, तो मला काय शिकवणार! आज वैशाखात त्या स्लॅबखाली झोप लागत नाही. घोंगडी घेऊन मी देवळाच्या सभामंडपात जातो.

वास्तुकला शिकणाऱ्या नातवाने परवा लॉरी बेकर यांची हकिकत सांगितली आणि हा सल पुन्हा टोचू लागला. बेकर मूळचे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे, जन्म १९१७ चा. वास्तुकलेची पदवी घेतलेला हा माणूस १९४५ साली कुष्ठरोग्यांसाठीच्या इमारतींच्या कामाला भारतात आला. लग्नानंतर डॉक्टर पत्नीसह ते हिमालयात पिथौरागडला राहिले. तेथे त्यांचे विलायती शिक्षण अडले. ज्यांना आपण अडाणी म्हणतो ती डोंगरातली माणसे जवळचाच दगड, लाकूड, माती घेऊन थंडीपावसाला पुरून उरणारी घरे बांधत होती. बेकर त्यांच्याकडे शिकू लागले.

पुढे केरळात तिरुवनंतपुरमला ही शिकवण कामी आली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचल्या, की भिंतीत पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि उष्णताही कमी उतरते. स्लॅबमध्ये जेथे काँक्रीटला फारसे काम नसते, तेथे ते जुनी मंगळुरी कौले घालत. तेवढे सिमेंट वाचे, लोखंड वाचे. गवंड्यांबरोबर ते स्वतः कामावर उभे राहत. जुने म्हणून त्यांनी काही पुजले नाही, नवे म्हणून टाकलेही नाही. सिमेंट लागेल तेथे वापरले, पण आधी प्रश्न विचारला.

माझे चुकले ते येथे. वारीच्या वाटेवर मी लहानथोर सर्वांच्या पाया पडलो. त्या गवंड्याच्याही पडलो. पाया पडताना माझे काहीच जात नव्हते. त्याचे ऐकायचे, तर माझे मत बाजूला ठेवावे लागले असते, आणि तेवढे माझ्याने झाले नाही. मग ती कसली नम्रता? त्याचे ऐकून, पडताळून मी स्लॅबच घातला असता, तरी दोष नव्हता. मी त्याला "का?" एवढेही विचारले नाही.

तो गवंडी आता नाही. त्याचा मुलगा तेच काम करतो. परसात एक खोली बांधायची आहे. नातवाला सांगितले आहे, की नकाशा काढण्याआधी त्याला घरी बोलाव, चहा दे आणि भिंत कशी उभी करावी ते त्याला विचार. मीही तेथे बसणार आहे, या वेळी श्रोता म्हणून.

रामकृष्णहरि.