दोन फेरे कमी

पाथरीत सेलू रस्त्याला मोटारी भरायचं एक जुनं दुकान होतं. गोदाकाठच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. दुकान अण्णा मिस्त्रींचं. त्यांचा मुलगा पुण्यातल्या एका कंपनीत प्रोग्रामर. काम घरूनच, दुकानाच्या माडीवर बसून.

काम व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क ड्रायव्हरचं. या मशीनचं कार्ड खरं नसतंच. आतला ड्रायव्हर आणि बाहेरचा होस्ट मेमरीतल्या एका सामाईक यादीवर व्यवहार करतात. ड्रायव्हरनं पॅकेटचा पत्ता यादीत लिहायचा आणि मग आकडा वाढवायचा. आकडा वाढला की होस्ट पॅकेट उचलतो. रस्टी रसेल यांनी २००८ मध्ये व्हर्टिओवर निबंध लिहिला, त्यातली ही रीत आज सर्रास चालते.

पोराला त्यात एक ओळ खटकली. पत्ता लिहिणं आणि आकडा वाढवणं यांच्या मधोमध एक मेमरी बॅरिअर होता आणि त्याच्याशेजारी टिप्पणी नव्हती. खालच्या ओळीला मात्र होती: ‘इथे आकडा एकने वाढवतो.’ जणू ते वाचणाऱ्याला दिसत नव्हतं! पोरानं बॅरिअर काढून टाकला. इंटेलच्या लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या पास झाल्या. वरिष्ठांनीही मान डोलावली.

पुढं कंपनीनं आर्म प्रोसेसरचे सर्व्हर घेतले आणि पॅकेटं हरवायला लागली. रोज नाही, लोड वाढला की. मेमरीत एकामागून एक केलेल्या दोन नोंदींचा क्रम इंटेलचा प्रोसेसर पाळतो. आर्मवर मधे बॅरिअर नसला तर तो उलटू शकतो. आकडा आधी पोचायचा, पत्ता मागून. होस्ट जुनाच पत्ता वाचून मोकळा. पोरानं कोडचा इतिहास उकरला. ती ओळ घालणारा माणूस नोकरी सोडून गेलेला आणि त्याच्या नोंदीत दोनच शब्द: ‘रेस फिक्स’.

वैतागून तो खाली उतरला. दुकानात हाताखालचा पोऱ्या एक मोटार उघडून बसला होता.

“अण्णा, हिच्या कॉइलला दोन दोन फेरे कमी हायेत. तक्त्यापरमानं भरू का?”

“आधी वही बघ.”

वहीत त्या मोटारीखाली फेरे आणि तारेचा नंबर होता. त्याखाली अण्णांच्या वाकड्या अक्षरात: ‘विहीर लाइनीच्या टोकाला. व्होल्टेज पडतं. म्हणून फेरे कमी, तार जाड. वाढवू नये.’

“अण्णा, एवढं कशाला लिहिता? तुम्हाला तर सगळं तोंडपाठ असतं,” मुलगा म्हणाला.

“फेरे कुणीबी मोजंल रे, मोटार उघडली की झालं. कामून कमी केले ते मोटारीत दिसत नाही. अन् उद्या मी नसलो म्हंजे?”

मुलगा माडीवर गेला. बॅरिअर परत घातला आणि वर लिहिलं: ‘पत्ता आधी दिसला पाहिजे, आकडा नंतर. नाहीतर होस्ट जुना पत्ता वाचेल. इंटेलवर ही चूक पकडली जात नाही, आर्मवर चाचणी घ्या. काढू नये.’ आकडा वाढवण्याची ती टिप्पणी मात्र पुसून टाकली.

लिनक्स कर्नलसोबत चेकपॅच नावाची एक स्क्रिप्ट मिळते. मेमरी बॅरिअरशेजारी टिप्पणी नसेल तर ती इशारा देते. कंपनीत ती कुणी चालवतच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिच्याखालून गेल्याशिवाय कोड पुढं घेणं बंद झालं.